पाणी उलटे का आले नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. "सर, सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर चालवायला शिकवा, त्याचा इतिहास कशाला?" हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी हसून वेळ मारून नेतो.

अॅनालॉग संगणकावर, म्हणजे विजेच्या दाबांनी राशी दाखवणाऱ्या जुन्या यंत्रावर, इंटिग्रेटर (बदलांची बेरीज करत जाणारे भाग) तारांनी जोडताना कोणती राशी कशातून निघणार हे माणसालाच आधी ठरवावे लागे. पुढे ठोकळे आणि बाणांच्या आकृत्यांनी तीच सवय पडद्यावर आणली. हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी १९७८ मध्ये लुंड विद्यापीठातील प्रबंधात डायमोला ही मॉडेल लिहिण्याची भाषा मांडली. समीकरणे निसर्गात असतात तशी लिहावीत, सोडवण्याचा क्रम संगणकाने लावावा, हा तिचा आग्रह १९९७ मध्ये मॉडेलिका या भाषेत उतरला.

आता डाय-हाऊसचे, म्हणजे कापड रंगवण्याच्या विभागाचे, सांगतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यासाठी मी हौद, पंप आणि रंगाई यंत्रे यांचे ठोकळे-बाणांचे मॉडेल केले होते, आणि त्याचे आलेख पाहून सगळेच खूश होते. एका रात्री यंत्रात पाणी भरत असतानाच वीज गेली, पंप थांबला, एनआरव्ही (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) अडकलेला निघाला आणि यंत्रातले लाल रंगाचे पाणी पाइपातून खाली हौदात उतरले. सकाळी त्याच हौदाच्या पाण्यावर पांढऱ्या टॉवेलांचा लॉट चढला व गुलाबी होऊन निघाला. मालक रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, तुमच्या कॉम्प्युटरवर पाणी उलटं येतच नाही का हो?"

येत नव्हते, कारण शून्याजवळ गणित अडखळते म्हणून प्रवाह ऋण होऊ न देणारा ठोकळा मीच बसवला होता. एनआरव्हीची देखभाल माझ्याकडे नव्हती, हेही खरेच. ते मी तेव्हा गरजेपेक्षा जास्त वेळा सांगितले.

मॉडेलिका वापरली असती तर वाचलो असतो, असे मी पुढे काही वर्षे वर्गात ठासून सांगत असे. ते चूक होते. तिथेही कधीच न अडकणारी आदर्श झडप टाकता येते, आणि घाईत मी तीच टाकली असती. शिवाय एल्मक्विस्ट यांचे म्हणणे मला त्या रात्रीआधीही ठाऊक होते, परीक्षेपुरते नव्हे, चांगले ठाऊक होते. तेव्हा इतिहास शिकून माझे काय वाचले, हा तुमचा प्रश्न मला खोडता येत नाही. तरी यंदाही पहिला तास मी त्या तारांनाच देणार आहे.