साडेचार तातामींच्या खोलीत

क्योतोहून नारा मार्गावरील लोकल गाडीने उजी हे गाव अर्ध्या तासाच्या आत येते. नदीकाठी १०५३ साली बांधलेले ब्योदोइन मंदिराचे फिनिक्स दालन आहे. जपानच्या दहा येनच्या नाण्यावर त्याचेच चित्र असल्यामुळे बहुतेक प्रवासी तेवढे पाहून परततात. मी मात्र चहासाठी आले होते. उजीच्या मळ्यांत वसंतातील तोडणीआधी सुमारे तीन आठवडे झुडपांवर आच्छादन घालतात, त्यामुळे पाने कोवळी आणि गर्द हिरवी राहतात. ती वाफवून, वाळवून, त्यांचे देठ आणि शिरा काढून दगडी जात्यावर दळली की मात्चा तयार होतो. एका जात्यावर तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम पूड निघते. हे समजल्यावर तो चहा उभ्याउभ्या पिऊन पुढे जाणे मला योग्य वाटेना.

ज्या बाईंच्या चहाघरात आम्हा तिघींना जपानी चहाविधीचे निमंत्रण होते, त्या सत्तरीच्या असाव्यात. त्यांना सगळे 'सेन्सेई', म्हणजे गुरू, म्हणत. त्या उरासेन्के या चहाविधीच्या परंपरेतल्या. चहागुरू सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या पणतूंपासून ज्या तीन शाखा सुरू झाल्या, त्यांपैकी ही एक आहे. सेन्सेईंच्या शिष्येने बागेतच मला समजावले की पाहुण्याने नुसते येऊन बसायचे नसते, त्यालाही त्याचे काम असते. आमच्यातील एक वयस्क जपानी बाई मुख्य पाहुणी होत्या, मी दुसरी आणि माझ्यामागे ओसाकाची एक तरुणी.

बागेतील पायवाटेच्या दगडांवर नुकतेच पाणी शिंपडले होते. पाहुणे येण्याआधी असे पाणी शिंपडणे हे 'या, तयारी झाली आहे' असे सांगणे असते. अंगणात सडा घालणाऱ्या घरात वाढलेल्या मला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. वाटेवरच्या दगडी कुंडातून बांबूच्या पळीने पाणी घेऊन आम्ही हात धुतले, चूळ भरली आणि खोलीच्या दाराशी आलो. हे दार जेमतेम ६६ सेंटीमीटर उंच असते. गुडघ्यांवर बसून, मान लववून, सरपटतच आत जावे लागते. दाराची ही पद्धत रिक्यू यांनी रूढ केली असे मानतात. सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून असेच वाकून आत यावे लागे.

आत साडेचार तातामी (गवती चटया) अंथरलेली, म्हणजे आपल्याकडच्या लहानशा स्वयंपाकघराएवढी खोली होती. कोनाड्यात एक लेखपट टांगलेला होता आणि त्याखाली बांबूच्या नळीत कॅमेलियाची एकच न उमललेली कळी. पाहुण्याने प्रथम या लेखासमोर बसून नमस्कार करायचा असतो. त्यावर 'किस्साको' ही तीन अक्षरे होती. चिनी झेन बौद्ध गुरू झाओझोऊ यांनी प्रथमच आलेल्याला, पूर्वी येऊन गेलेल्याला आणि हे ऐकून बुचकळ्यात पडलेल्या मठाधिकाऱ्यालाही एकच उत्तर दिले, त्यातले हे शब्द: चहा घेऊन जा. आमच्या घरी दारात आलेल्या प्रत्येकाला हेच वाक्य ऐकवले जात असे. ते इतक्या आदराने टांगलेले पाहून मला फार बरे वाटले.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. याच महिन्यात उन्हाळी शेगडी बाजूला ठेवून जमिनीतील चौकोनी चूल पुन्हा उघडतात आणि चहाच्या जगात हे नव्या वर्षासारखे मानले जाते. निखाऱ्यांवर बिडाचे भांडे होते. त्यातील आधणाच्या आवाजाला जपानी लोक 'मात्सुकाझे' म्हणतात, म्हणजे पाइनच्या झाडांतून वाहणारा वारा. मला कोकणातील सुरूच्या बनाची आठवण झाली. पुढचा बराच वेळ खोलीत त्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.

सेन्सेईंनी रेशमी रुमालाची घडी घातली, चहापुडीची लाखेची डबी पुसली, मग बांबूची चिमुकली डाव पुसली. या वस्तू आधीच स्वच्छ होत्या; त्या आमच्यासमोर पुन्हा पुसायच्या होत्या. देवघरात ताम्हण-पळी मांडणाऱ्या माझ्या आजीच्या हातांना हीच संथ गती होती. तोवर आम्हाला इनोको मोची हा नोव्हेंबरातला गोड पदार्थ देण्यात आला. गोड आधी संपवायचे, म्हणजे जिभेवर राहिलेल्या गोडीवर चहाचा कडवटपणा खुलतो. वाडग्यात पूड, त्यावर पळीभरापेक्षा कमी गरम पाणी आणि मग एकाच बांबूच्या तुकड्यातून कोरलेली, शंभरएक पातळ काड्यांची रवी. मनगट वेगाने हलत होते आणि खांदा मात्र स्थिर होता. काही क्षणांत बारीक हिरवा फेस आला.

मुख्य पाहुण्या बाईंनी वाडगा घेण्यापूर्वी माझ्याकडे वळून 'ओसाकी नी' म्हटले, म्हणजे 'तुमच्याआधी घेते'. माझी पाळी आली तेव्हा मी आधी त्यांना, मग ओसाकाच्या तरुणीला आणि शेवटी सेन्सेईंना वाकून नमस्कार केला. वाडग्याची सर्वांत देखणी बाजू यजमान पाहुण्याकडे करून ठेवतो. पाहुणा वाडगा तळहातावर फिरवून ती बाजू ओठांखालून दूर नेतो. दोघेही एकमेकांना उत्तम ते देऊ पाहतात, आणि ही एवढीशी हालचाल मला सगळ्या विधीत सर्वांत मोलाची वाटली. चहा दाट, कडसर आणि ताज्या पाल्याच्या वासाचा होता. शेवटचा घोट आवाज करून घ्यायचा, म्हणजे चहा संपल्याचे यजमानाला कळते.

वज्रासनाची सवय असूनही माझे पाय बधिर झाले होते. तरी आम्ही वाकून, कोपरे गुडघ्यांजवळ ठेवून डबी आणि डाव हातात घेऊन पाहिली. बोट घसरले तर वस्तू फार उंचावरून पडू नये म्हणून ही रीत आहे. जेवण, दाट चहा आणि पातळ चहा असा संपूर्ण समारंभ चार तासांचा असतो. आमचा पातळ चहाचा भाग तासाभरात आटोपला.

आम्ही त्याच बुटक्या दारातून बाहेर आलो आणि पायवाटेवर थांबून वळलो. मागे सेन्सेईंनी दार आतून सरकवून उघडले आणि गुडघ्यांवर बसून नमस्कार केला. आम्हीही वाकलो. कोणी काही बोलले नाही. मग दार हळूच बंद झाले.