पावसाळ्यात केरीच्या किनाऱ्यावर

जुलै लागला की कोणी ना कोणी विचारतंच, "काय मग, आता पावसात पक्षी बंद ना?" आणि मी दर वर्षी तेच सांगते की बंद कसले, समुद्रावरचे तर आत्ताच सुरू होतात. गोव्यात पक्षी बघायचे म्हणजे नोव्हेंबर ते मार्च हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि ते चूक आहे असंही नाही, करमळीचं तळं, चोडणचं सलीम अली अभयारण्य, मोरजीची वाळू हे सगळं थंडीतच भरतं. पण १ जूनला ट्रॉलर बंद होतात, शॅक मोडून ठेवलेले असतात, पाणी गढूळ होतं आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नाही असं लोकांना वाटतं, तेव्हा जे पक्षी येतात ते थंडीत शोधूनही सापडायचे नाहीत.

मी केरीला जाते. पेडण्यातलं केरी, तेरेखोलच्या फेरीजवळचं, सत्तरीतलं नव्हे. म्हापशाहून पहाटे पाचला निघायचं, शिवोली-चोपडे पूल, मोरजी, मांद्रे, हरमल करत उजाडता उजाडता सुरूच्या बनात पोचायचं. काब द रामची जागा उंच आहे, तिथून दूरवरचं दिसतं, पण पावसाळ्यात तिथे वारा असा लागतो की स्कोप, म्हणजे तिवईवरची एका डोळ्याची दुर्बीण, धरून ठेवायलाच वेगळं माणूस पाहिजे. केरीला झाडांचा आडोसा मिळतो, आणि खरं सांगायचं तर आता तिथली माणसंही ओळखीची झालीत.

समुद्र बघायचा म्हणजे काय करायचं हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून इथे लिहिते. स्कोप क्षितिजाच्या जरा खाली लावायचा आणि डावीकडून उजवीकडे अगदी हळू न्यायचा, मग परत. पक्षी लाटेच्या मागे जातो, दोन-तीन सेकंद गायब, मग पुढे कुठेतरी वर येतो, तर त्याच्या मागे न धावता तो जिकडे चाललाय तिकडे आधीच जाऊन थांबायचं. रंग शेवटी बघायचा. एवढ्या अंतरावर आणि त्या उजेडात सगळेच काळे दिसतात, आधी उडण्याची ढब बघायची. सुरय म्हणजे टर्न पंख खोल मारत, वरखाली होत जातो. शिअरवॉटर हा भर समुद्रातला पक्षी पंख ताठ धरतो, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलंडतो, पंखाचं टोक पाण्याला टेकेल की काय असं वाटतं आणि चार-पाचदा पंख मारले की पुन्हा लांबवर तरंगत जातो. आणि काचेवर खार बसतो तो कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात, आधी गोड्या पाण्याने धुवायचं मग टिपायचं. मी एक बाटली फक्त त्यासाठी नेते.

दिवस कुठला निवडायचा तेही महत्त्वाचं. दोन-तीन दिवस नैर्ऋत्येचा वारा सलग झोडपत राहिला की भर समुद्रातले पक्षी किनाऱ्याकडे ढकलले जातात. मग जरा उघडीप झाली, सरींच्या मधे अर्धा तास दिसायला लागलं, की तेव्हा बसायचं. त्यांना खरं तर किनारा नकोच असतो. सोमालिया-ओमानकडे याच वाऱ्यामुळे समुद्राचं खालचं थंड पाणी वर येतं, त्यात खाणं भरपूर, म्हणून कुठून कुठून पक्षी अरबी समुद्रात येतात.

कुठून म्हणजे किती लांबून हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल नावाचा पक्षी आहे, चिमणीपेक्षा थोडा मोठा, वजन जेमतेम ४० ग्रॅम, सगळा काजळी रंगाचा आणि शेपटीच्या वर पांढरा पट्टा. तो पिल्लं काढतो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या बेटांवर. तिकडे हिवाळा सुरू झाला की विषुववृत्त ओलांडून वर येतो, म्हणजे आपल्याकडे पाऊस पडत असतो तेव्हा तो इथे. मला केरीला तो आत्तापर्यंत फक्त तीनदा दिसलाय. तिसऱ्या वेळी इतका जवळ होता की पाय दिसत होते, लांब काड्यांसारखे पाय खाली सोडून तो पाण्यावर टपटप करत चालल्यासारखा जात होता, आणि अंगाएवढी लाट आली की फक्त तिच्यावरून वर व्हायचा आणि पलीकडे उतरायचा, बस्स. माणूस उभा राहणार नाही अशा पाण्यात ४० ग्रॅमचा जीव जेवत होता.

थंडीबद्दलही थोडं लिहायला पाहिजे कारण मोरजीवर माझा जीव आहे. शापोरा नदीच्या मुखाशी भरतीच्या वेळी कुरवांचे म्हणजे गलचे आणि सुरयांचे थवे वाळूवर एकमेकांना खेटून बसतात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडचे. त्यांच्या पायाशी छोटे चिखल्ये, सँड प्लोव्हर, हिवाळाभर मातकट, वाळूवर बसले तर दिसत नाहीत. मार्चमध्ये छातीवर विटकरी रंग चढायला लागतो, पहिल्या आठवड्यात नुसती छटा आणि एप्रिल येईपर्यंत पूर्ण पट्टा. त्या दिवसात ते चरबी साठवत असतात, तीच पुढच्या प्रवासाची शिदोरी. तेव्हा कोणी कुत्रं मोकळं सोडतं, कोणी वाळूवर जीप घालतं, थवा उठतो, दोन फेऱ्या मारतो, बसतो, परत उठतो. फोटोसाठी मुद्दाम थवा उडवणारेही मी बघितलेत आणि त्यात हातात चांगली लेन्स असलेलेही असतात, याचा मला फार राग येतो. उठलेल्या प्रत्येक वेळी ती शिदोरी थोडी थोडी खर्च होते.

आता जे सांगायला बसले ते. २०१६ च्या जुलैमध्ये मला वाळूवर एक मोठा गडद तपकिरी पक्षी बसलेला मिळाला. फ्लेश-फूटेड शिअरवॉटर, पाय गुलाबी, चोच फिकट आणि टोकाला काळी, चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या. पुस्तकात बघितलेला पक्षी समोर दोन फुटांवर, मला हात लावायचंही सुचेना. चार-पाच माणसं जमली. एकजण म्हणाला, समुद्रातला पक्षी आहे, पाण्यात सोडा, जाईल. मलाही ते पटलं. मी त्याला ओढणीत घेतलं, गुडघाभर पाण्यात गेले आणि सोडलं. पहिल्या लाटेने त्याला उलटा केला. दुसऱ्या लाटेने वाळूवर आणून टाकला. मी पुन्हा उचललं आणि जरा पुढे जाऊन पुन्हा सोडलं, या वेळी तो दिसेनासा झाला, आणि सगळे खूश झाले, मीपण. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीच्या रेषेवर, शेवाळ आणि प्लास्टिकच्या मधे, तो मेलेला मिळाला. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं, मांस असं नव्हतंच. हा पक्षी साधारण ६०० ग्रॅमचा असतो, माझ्या हातात तो रिकाम्या पाकिटासारखा होता.

जो पक्षी समुद्रातच जन्म काढतो तो वाळूवर येऊन बसलाय म्हणजे त्याच्याने समुद्रात राहणं आता होत नाहीये, इतकी साधी गोष्ट. उपाशी असतो, पिसं भिजून जड झालेली असतात. त्याला पाण्यात ढकलायचं नाही. खोका घ्यायचा, भोकं पाडायची, तळाला कोरडा टॉवेल, आत अंधार, आणि वनखात्याला फोन. तोंडात पाणी ओतायचं नाही, मासा कोंबायचा नाही, पोरांना दाखवत फिरायचं नाही. आणि बूबी हा मोठा समुद्रपक्षी असेल तर उचलताना आपलं तोंड लांब ठेवा, चोच भाल्यासारखी असते आणि तो डोळ्यावर मारतो.

हे मी तेव्हापासून केरीत भेटेल त्याला सांगत आले. एक रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे, काका आहेत, पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, "कितें पळयता गो?" मी म्हटलं पक्षी, तर ते बराच वेळ माझ्या शेजारी उभे राहून नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले आणि मला स्कोपमधून न दिसलेला सुरय त्यांनी बोटाने दाखवला. त्यांना मी खोक्याचं सांगून ठेवलं होतं. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन, "तुजें सुकणें आयलां गो बाये, येवन व्हर." म्हणजे तुझा पक्षी आलाय, येऊन घेऊन जा.

मी पोचले तर त्यांच्या व्हरांड्यात बिस्किटांचा खोका, वर गोणपाट, आणि नातवंडांना लांब बसवलेलं. आत ब्रायडल्ड टर्न. कपाळावरची पांढरी रेघ भुवईसारखी डोळ्याच्याही मागे गेलेली, म्हणजे सूटी टर्न नाही, त्याची डोळ्यापाशीच थांबते. चोचीपासून डोळ्यातून जाणारी काळी पट्टी, लगाम घातल्यासारखी, नावही त्यावरूनच. पंख धड होते. वेंगुर्ल्याच्या समुद्रात जे खडक आहेत तिथे हे पक्षी पावसाळ्यात पिल्लं काढतात, केरीहून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. खोका मांडीवर घेऊन बसले तर पुठ्ठ्यातून ऊब लागत होती आणि मधूनच नखं घासल्याचा आवाज. पाच दिवसांनी वनखात्याच्या माणसाने कळवलं की पक्षी आपणहून मासे खातोय, आणि आठव्या दिवशी उघडीप बघून सोडला. मला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी तिथे नव्हते.

पुढच्या रविवारी काकांना हे सांगायला गेले. आधी ते काहीच बोलले नाहीत, जाळं तुणत होते. मग म्हणाले, की बाहेर खोल पाण्यात हे पक्षी त्यांनी पुष्कळ बघितलेत, वाहत आलेल्या फळीवर बसतात, एखाद्या ओंडक्यावर ओळीने चार-चार बसतात, आणि एकदा तर कासव वर आलं होतं त्याच्या पाठीवर एक बसलेला, कासव बुडी मारेपर्यंत हलला नाही. मी वाचलं होतं की ते तरंगत्या वस्तूंवर आणि कासवांवर विसावतात, पण बघितलेला माणूस मला पहिल्यांदा भेटला. मी वही काढली आणि त्यांना विचारून सगळं लिहून घेतलं, कुठला महिना, किती वाव पाणी, कासव केवढं. त्यांनी वहीत डोकावून विचारलं, माझं नाव घातलं का. मी घातलं.