सीझन संपला, मी अजून असिस्टंटच

रात्रीचे सव्वादोन. बसमधून उतरल्यावर मुलींचे बिब्स आणि सॉक्स मशीनला लावलेत, ते होईपर्यंत लॉन्ड्री रूममध्येच बसलेय म्हणून लिहितेय.

आज हरलो. शूटआउटवर. इथे अमेरिकेत कॉलेज हॉकीत बरोबरी झाली की दोन्हीकडून सातच जणी उतरतात, गोलकीपर धरून, दहा-दहा मिनिटांचे दोन ओव्हरटाइम आणि पहिला गोल पडला की मॅच खलास. आज पडलाच नाही. मग शूटआउट, आठ सेकंदांत गोलकीपरला चकवायचं. असिस्टंट कोच म्हणून गोलकीपर हे माझं खातं. आमची पोरगी चौथ्या वेळी पुन्हा लवकर खाली गेली, डाव्या बाजूला, आणि ही तिची सवय मला ऑगस्टपासून माहितीय, व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवलीय तिला, पण मागच्या आठवड्यात शूटआउटची प्रॅक्टिस कापून तो वेळ पेनल्टी कॉर्नरला दिला तो मीच. हेड कोच काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बसमध्येच आईचा फोन, तिकडे सकाळ. आधी जेवलीस का, मग "तू मुख्य कधी होणार गं?" आईला असिस्टंट म्हटलं की कॉलेजातला लॅब असिस्टंटच डोळ्यासमोर येतो, परीक्षानळ्या धुणारा. फार काही चुकत नाही म्हणा तिचं, बिब्स धुतेच आहे मी.

खडकीत स्टिक हातात घेतली तेव्हा (धनराज पिल्ले खडकीचाच, त्यामुळे तिथे पोरगी स्टिक घेऊन फिरली तरी कोणाला नवल नाही) कोचिंगवर पोट भरता येतं हे डोक्यातही नव्हतं. इथे मास्टर्सला आले ती ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून, फी माफ आणि वर थोडा स्टायपेंड, बदल्यात व्हॅन चालव, कोन मांड, मॅच शूट कर. मग डिव्हिजन थ्री, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांची तिसरी पायरी, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच, त्यामुळे पोरींना आणि त्यांच्या आईबापांना कॉलेजच्या गळी उतरवायचं काम जास्त. आता डिव्हिजन वन, सगळ्यात वरची, आणि टर्फवर जेमतेम दोन तास, बाकी सगळा लॅपटॉप. टीमसाठी हेरलेल्या, दहावी झालेल्या मुलींशी १५ जूनपासून थेट बोलायची परवानगी मिळते, म्हणजे आपल्याकडे शाळा सुरू व्हायच्या सुमारास माझा फोन रात्री बारापासून सुरू. मधे व्हिसाची कागदपत्रं आहेतच, त्यावर लिहायला बसले तर वही संपेल.

एरिन मॅटसनचा विषय आज बसमध्ये निघालाच. नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीच्या कोच कॅरेन शेल्टन १० नॅशनल टायटल्स घेऊन रिटायर झाल्या आणि २०२३च्या जानेवारीत त्यांच्या जागी २२ वर्षांची मॅटसन, आदल्याच सीझनला त्याच टीममधून खेळलेली, थेट हेड कोच. असिस्टंट वगैरे भानगडच नाही. त्याच वर्षी टायटलही जिंकली, फायनल शूटआउटवर! जळले का? हो, जळले. पण २२व्या वर्षी मला कोणी टीम दिली असती तर मी पहिल्या हाफटाइमलाच रडले असते, हेही खरंय.

एका डिव्हिजन थ्री कॉलेजला हेड कोच हवीय. शुक्रवारपर्यंत अर्ज. बायोडेटा उघडून ठेवलाय तीन दिवस, "गोलकीपर कोचिंग" या ओळीवर कर्सर लुकलुकतोय.

गोलकीपर पोरीचा मेसेज आलाय आत्ता, उद्या लवकर येऊ का टर्फवर म्हणून. सीझन संपलाय बाई, झोप. तरी "सातला ये" लिहून पाठवलं.

मशीन थांबलं. एक सॉक्स कमी आहे, नेहमीप्रमाणे.