१४ जुलैच्या सुट्टीत बेल-ईलला, एकटीने आणि बोटीने

२०२५ मध्ये १४ जुलै, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, सोमवारी आला. फ्रान्सला सलग तीन दिवस सुट्टी मिळाली आणि पॅरिसमधली निम्मी माणसं समुद्राकडे निघाली. मीही निघाले, एकटीच, फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रतान्य प्रांताच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या बेल-ईल बेटावर. अशा गर्दीत बेटावर जाऊ नकोस, असं बऱ्याच जणांनी बजावलं होतं. मला मात्र वाटतं की ही सुट्टी जड जाते ती गाडी घेऊन जाणाऱ्यांना. बोटीवर गाड्यांना जागा मोजकीच असते आणि ती फार आधी भरते. पाठीवर सॅक घेऊन पायी चढणाऱ्या एकट्या माणसासाठी कुठेतरी एक जागा निघतेच.

आरक्षण करताना क्रम उलटा ठेवा. आधी परतीची बोट, मग जाण्याची, मग मुक्काम, शेवटी रेल्वे. सुट्टी संपते त्या संध्याकाळी सगळ्यांना एकाच वेळी परतायचं असतं, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. २०२६ मध्ये १४ जुलै मंगळवारी आहे, म्हणजे बरेच जण सोमवारी रजा टाकणार. तेव्हा आणखी लवकर हात-पाय हलवा.

पॅरिसच्या मोंपारनास स्थानकावरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने ओरेला उतरायचं. तिथून किबरोंपर्यंत उन्हाळ्यात ‘तीर-बुशों’ नावाची छोटी रेल्वेगाडी धावते, तीच घ्या. किबरोंचं द्वीपकल्प वाटेत इतकं चिंचोळं होतं की तिथे रस्ता, रूळ आणि वाळू एवढंच मावतं. सुट्टीच्या दिवशी त्या एकमेव रस्त्यावर मोटारींची रांग लागलेली असते आणि आपण शेजारून पुढे जातो. बेटाची बोट सुटते ते पोर-मारिया बंदर किबरोंच्या स्थानकापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. गाडी आणावीच लागली, तर ती वाहनतळावर लावून बंदरापर्यंत पोचायला बराच वेळ हाताशी ठेवा.

बोटीला पाऊण तासाच्या आसपास लागतं. वरच्या डेकवर वारा बोचरा असतो, जुलैतही विंडचीटर हवाच. बोट लागत असेल तर मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसा. पण शेवटची दहा मिनिटं वर या. बेटावरच्या ल पाले बंदरात शिरताना वोबाँ या सतराव्या शतकातल्या दुर्गतज्ज्ञाने मजबूत केलेला किल्ला थेट डोक्यावर येतो. १७६१ म्हटलं की आपल्याला पानिपत आठवतं. त्याच जानेवारीत पुदुच्चेरी इंग्रजांनी घेतली आणि जूनमध्ये हा किल्लाही त्यांच्या हाती पडला. १७६३ च्या पॅरिसच्या तहात दोन्ही ठिकाणं फ्रान्सला परत मिळाली. धक्क्यावर उभं राहून हे आठवलं आणि त्या तटबंदीशी अचानक ओळख निघाल्यासारखं झालं.

बेट नकाशावर लहान दिसतं, सुमारे सतरा किलोमीटर लांब. पण रस्ते सारखे दरीत उतरतात आणि पुन्हा चढतात. सायकल घेणार असाल तर विजेवरची घ्या आणि तीही आधी राखून ठेवा. उन्हाळ्यात बस असते, मात्र सुट्टीच्या दिवशीचं वेळापत्रक वेगळं आहे का ते विचारा. एकाच दिवसासाठी आला असाल तर सगळं बेट बघायचा हट्ट सोडा आणि पश्चिम किनारा गाठा.

पुलँच्या टोकावर एक जुना छोटा किल्ला आहे. तो सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीने १८९४ मध्ये घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं ती उन्हाळ्यात तिथे राहत असे. समोरच्या दीपगृहाकडे जाणारी वाळूची वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच पलीकडे जा. दक्षिणेला पोर-कोतोंचे सुळके आहेत. चित्रकार क्लोद मोने १८८६ मध्ये थोड्या दिवसांसाठी आला आणि दोन महिन्यांहून अधिक काळ राहून हेच खडक पुन्हा पुन्हा रंगवत बसला. दुपारी तिथे झुंबड असते. संध्याकाळी दिवसाची माणसं बोटीकडे वळली की कड्यावर जागाच जागा होते, आणि जुलैत दहापर्यंत उजेड असतो. दर काही मिनिटांनी पाण्याचा रंग पालटतो, हिरव्याचा जांभळा होतो. मोने का थांबला ते तिथे बसल्यावर कळतं. एवढ्यासाठी तरी एक रात्र बेटावर काढा.

एकट्याने किनारवाटेवर चालताना मुक्कामाच्या ठिकाणी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. कड्यांना कठडे नाहीत. लापोतिकेरीच्या गुहेत उतरायला मनाई आहे, ती पाळा. दोनाँचा किनारा सुरेख आहे, पण तिथल्या पाण्याला ओढ जबरदस्त असते. जीवरक्षक असतील तेव्हाच, निशाणांच्या मधेच पोहा. समुद्रावरच्या संकटासाठी १९६ हा क्रमांक फोनमध्ये असू द्या.

शाकाहारी मंडळींसाठी इथे गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं पातळ धिरडं आहे. चीज, अंडं, मशरूम घालून छान मिळते. ‘कोंप्लेत’ गालेत मागितली तर हॅम येतं, म्हणून ‘सां जांबों’ म्हणजे हॅमशिवाय असं सांगा. काही ठिकाणी तवा चरबीने पुसतात, कडक शाकाहारी असाल तर तेही विचारा. १४ तारखेला दुकानं लवकर बंद होऊ शकतात. पाणी, फळं, पाव सकाळीच घ्या.

आतषबाजी बघायची असेल तर ती १३ च्या रात्री आहे की १४ च्या, ते नगरपालिकेच्या फलकावर पाहा. वारा किंवा वणव्याचा धोका असला तर ती रद्दही होते. आणि परतताना बोट आणि ओरेची गाडी यांच्यात निदान दीड तास सोडा, समुद्र खवळला तर बोटींच्या वेळा बदलतात.