अरबी समुद्राचा थरांचा नमुना: तळ बसला, प्रवाहांचं काम चालू

समुद्रतळाच्या खोलीप्रमाणे पाट्या लेझरने कापून एकावर एक चिकटवायच्या, असा हा नमुना. व्याप्ती ५०° ते ७७° पूर्व आणि ०° ते २६° उत्तर. प्रमाण १:५०,००,०००, म्हणजे १ मिमीला ५ किमी; पाटी साधारण ५८ सेंमी चौरस. उभं प्रमाण ३ मिमीला ५०० मीटर, म्हणजे ३० पट ताण. न ताणता केला तर साडेचार हजार मीटरचं खोरं १ मिमीच्या आत आटोपतं.

खोलीची आकडेवारी गेब्कोच्या (जगभरच्या समुद्रतळाच्या खोलीचा संच) १५ सेकंदांच्या, म्हणजे अंशाच्या २४०व्या भागाच्या जाळीतून घेतली. तिची जिओटिफ फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर आधी प्रक्षेपण बदलायचं (लॅम्बर्ट समक्षेत्र, मध्य १३° उत्तर, ६३.५° पूर्व). अंशांतच रेषा काढल्या तर २६° उत्तरेला मकरानचा किनारा पूर्व-पश्चिम सुमारे ११ टक्के फुगतो. सोबतची टीआयडी (आकड्याचा स्रोत सांगणारी) जाळी हटकून उतरवावी. कुठला आकडा मोजलेला आणि कुठला उपग्रहांच्या गुरुत्वमापनावरून अंदाजलेला, हे तीच सांगते. सरळ रेषेत ओळीने दिसणारे कंगोरे बहुधा डोंगर नसतात, जहाजांच्या मोजणीच्या वाटा असतात.

सर्वात जास्त डोकं थर ठरवण्यात गेलं पाहिजे. सरसकट ५०० मीटरचे थर घेतले की दोन गोष्टी हातच्या जातात. एक, मुंबईसमोरचा रुंद खंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ तळ), जो पहिल्याच थरात उतारासकट गडप होतो. दुसरी जास्त महत्त्वाची: अंटार्क्टिकाकडून आलेलं तळाचं थंड पाणी सोमाली खोऱ्यातून अरबी खोऱ्यात शिरतं, ते कार्ल्सबर्ग कण्याला (समुद्रतळावरची डोंगररांग) छेदणाऱ्या ओवेन विभंग पट्ट्यातून, म्हणजे तळाला पडलेल्या भेगांच्या पट्ट्यातून. ती वाट ढोबळ थरांत बुजते आणि कणा अखंड भिंतीसारखा दिसतो. म्हणून -४००० ते -३००० मध्ये (समुद्रसपाटीखालचे मीटर) २५० मीटरचे चार थर १.५ मिमी ग्रेबोर्डचे (जाड राखाडी पुठ्ठा), आणि -२५० व ० हेही त्याच जाडीचे. बाकी -४५००, -४००० आणि -२५०० ते -५०० हे ३ मिमी एमडीएफचे (लाकडाच्या भुशाची दाबलेली पाटी). पायाची पाटी धरून १४ पाट्या, उंची ३३ मिमी, आणि उभं प्रमाण कुठेही बिघडत नाही. सोमाली खोऱ्याचा पाच हजारांखालचा तळ पायातच धरलाय. त्यासाठी वेगळी पाटी वाया घालवण्यात अर्थ नाही.

रेषा काढण्याआधी जाळी १ मिनिटाची (अंशाचा ६०वा भाग) केली, नाहीतर चार कोटी चौकटींतून निघालेल्या रेषा लेझरच्या सॉफ्टवेअरला झेपत नाहीत. पण सरासरीने अरुंद खाचा भरतात. ओवेनचा पट्टा आणि सिंधूच्या मुखासमोरची समुद्रातली घळई मूळ जाळीशी ताडून हाताने दुरुस्त कराव्या लागतात. १०० चौ.किमीपेक्षा लहान सुटे तुकडे गाळले (कापल्यावर ४ चौ.मिमी, लेझर यंत्राच्या पाटाच्या जाळीतून खाली पडतात). आंग्रिया बँक (कोकणासमोरचा पाण्याखालचा उथळ उंचवटा) मात्र राहिली पाहिजे, ती नमुन्यावर जेमतेम ८ बाय ३ मिमी भरते. लक्षद्वीपच्या बेटांना टाचण्याच.

वरचे थर चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे कोपऱ्यातल्या खुंट्यांवर जुळणी होत नाही. खालच्या पाटीवर वरच्या थराची बाह्यरेषा मंद लेझरने कोरून घ्यावी, सुट्या तुकड्यांचे क्रमांकही तिच्या आतच, म्हणजे झाकले जातात. फेविकॉल पातळच लावावा आणि रात्रभर वजन ठेवावं. एकाच बाजूने ओल मुरली की एमडीएफ वाकतं.

पृष्ठप्रवाहांसाठी २ मिमी ॲक्रिलिकच्या दोन पाट्या, जुलै आणि जानेवारी. वर्षाची सरासरी इथे निरुपयोगी: सोमाली प्रवाह उन्हाळी मोसमीत उत्तरेला, हिवाळ्यात दक्षिणेला, बेरीज केली की दोन्ही दिशा बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात. कोकणासमोरचा किनारी प्रवाह जुलैत दक्षिणेकडे, जानेवारीत उत्तरेकडे, आणि तोही वाऱ्याच्या उलट. बाणांची लांबी वेगाच्या वर्गमुळावर ठेवली, १ मी/से ला १० मिमी. सरळ प्रमाणात सोमालीचा २ मी/से चा बाण २० मिमी आणि आपल्याकडचा ०.२ चा फक्त २ मिमी येतो. वर्गमुळाने ते १४ आणि ४.५ होतात. ऑस्करची (उपग्रहांवरून काढलेल्या पृष्ठप्रवाहांचा संच) जाळी पाव अंशाची आहे, दर चौथा बिंदू घेतला की बाण २२ मिमी अंतरावर बसतात. किनाऱ्यालगतच्या चौकटी रिकाम्या येतात, तिथले बाण हाताने.

कोरीव काम ॲक्रिलिकच्या खालच्या बाजूला, आरशातलं उलटं करून. वरून कोरलं तर तिरकं पाहताना बाण तळावरून सरकल्यासारखे दिसतात. खोलवरचा ओवेनचा प्रवाह ॲक्रिलिकवर घ्यायचा नाही. तो थेट ग्रेबोर्डच्या थरांवर निळ्या रंगाने.