घासलेलं गाणं

ऐंशीच्या दशकातली एखादी वापरलेली कॅसेट हाती लागली, तर डबीतल्या कागदावरची गाण्यांची यादी आधी वाचू नये. कॅसेट डेकमध्ये घालावी आणि नुसती ऐकावी. पहिलं गाणं ठीक वाजतं. दुसऱ्याला आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. झांजेची किणकिण जाते, 'स' आणि 'श' बोथट होतात, सुरुवातीच्या सुरावटीत एकदोन ठिकाणी आवाज हेलकावतो. तिसरं सुरू झालं की पुन्हा सगळं लख्ख. मधलं ते बसलेलं गाणं म्हणजे त्या घरातलं हिट. त्या दशकाच्या गाण्यांची याहून प्रामाणिक क्रमवारी दुसरीकडे कुठे सापडेल असं वाटत नाही.

कारण अधिकृत म्हणावी अशी मोजणी आपल्याकडे नव्हतीच. ब्रिटनमध्ये 14 नोव्हेंबर 1952 रोजी दुकानांना फोन करून गोळा केलेल्या आकड्यांवरून पहिली विक्रीयादी छापली गेली. तिथे एका गाण्याची तबकडी सुटी मिळायची, त्यामुळे एक तबकडी विकली म्हणजे एक गाणं विकलं, असा सरळ हिशेब होता. आपल्याकडे विकला जायचा तो अख्खा चित्रपट. 1980 च्या 'कुर्बानी'चंच बघा. चित्रपटाचे संगीतकार कल्याणजी-आनंदजी. पण 'आप जैसा कोई' हे एकच गाणं बिद्दू या दुसऱ्या संगीतकाराचं, लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं आणि नाझिया हसन या पंधरा वर्षांच्या मुलीनं गायलेलं. तिला पुढे त्याच गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं. पण त्या तबकडीवर 'लैला ओ लैला'ही होतं. घेणाऱ्यानं पैसे नेमके कशासाठी मोजले, हे दुकानदाराच्या वहीला कसं कळणार?

बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओवर गीतमाला लागायची, तिच्यातही निवेदक अमीन सयानी यांना हीच कसरत करावी लागे. दुकानांतल्या विक्रीचे अहवाल आणि जागोजागच्या श्रोता संघांची मतं यांची मोट बांधून गाण्यांचं पायदान, म्हणजे क्रमांक, ठरायचं. ठरावीक काळ यादीत टिकलेलं गाणं बिगूल वाजवून 'सरताज' व्हायचं आणि सन्मानानं यादीतून बाहेर पडायचं. रेडिओ सिलोनवर 1952 साली सुरू झालेला हा कार्यक्रम 1989 मध्ये विविध भारतीवर आला. तोवर गाणं तबकडीवरून फितीवर येऊन पडलं होतं, आणि दुकानाच्या वहीचा उरलासुरला भरवसाही गेला होता. एका बाजूला एक चित्रपट आणि दुसऱ्या बाजूला भलताच दुसरा, अशा जोडकॅसेटी निघत. हिटच्या पाठीवर बसून पडेल चित्रपटही घरोघर पोचे, आणि विक्रीचा आकडा दोघांच्याही नावावर लागे. शिवाय जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातल्या आवृत्त्या होत्या. मूळ ध्वनिमुद्रण परवानगीनं झालेलं असलं की नोटीस आणि स्वामित्वधन देऊन त्या काढायची मुभा 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच होती. चोरट्या प्रती तर कुठल्याच हिशेबात नव्हत्या.

आणि कोपऱ्यावरच्या दुकानात 'भरून' घेतलेल्या कॅसेटी! कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली यादी दिली की दोन दिवसांनी आपल्या आवडीचा संग्रह तयार. हे बेकायदा होतं, पण यादी करणं हे शास्त्रच होतं. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. चित्रपटातलं गाणं साडेचार ते पाच मिनिटांचं धरलं तर सहा गाणी बसतात, सातवं घातलं की दुसऱ्या अंतऱ्यात खट्कन थांबतं. नव्वदच्या कॅसेटला बाजूला नऊ. फितीच्या टोकाला पाचसात सेकंदांचा पारदर्शक किंवा रंगीत तुकडा असतो, त्यावर चुंबकीय लेप नसल्यानं काहीच उमटत नाही. घाईत भरणारा तो पुढे न सरकवता मुद्रण सुरू करी, आणि मग पहिल्या गाण्याचा आरंभ कायमचा गायब. ज्या गाण्याची ओळखच सुरुवातीच्या वाद्यमेळात आहे, त्याचं यात भलतंच नुकसान व्हायचं.

लोक नव्वदची घ्यायचे, कारण कॅसेटीमागे गाणी जास्त. पण सगळा घोळ तिथेच आहे. कॅसेटचा डबा तेवढाच, तर जास्त फीत आत मावायची कशी? पातळ करून. साठच्या कॅसेटची फीत सुमारे 16 ते 18 मायक्रॉन जाड, नव्वदची 12 च्या आसपास. पातळ फीत ताणली जाते, तिला सुरकुत्या पडतात आणि फीत पुढे ओढणाऱ्या रबरी रोलरभोवती गुंडाळून घ्यायला ती कायम तयार असते. सारखं मागेपुढे करून ऐकायचं गाणं साठवरच घ्यावं.

आता हिट गाणंच का घासतं? फीत सेकंदाला 4.76 सेंटीमीटर वेगानं हेडवरून, म्हणजे तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, सरकते. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे सव्वाचौदा मीटर फीत. ढोलकच्या सेकंदाला शंभर कंपनांच्या नादाचं एक कंपन या फितीवर सुमारे अर्ध्या मिलिमीटरात पसरलेलं असतं; झांजेतल्या दहा हजार कंपनांच्या नादाचं एक कंपन मात्र 4.76 मायक्रॉनमध्ये कोंबलेलं. फीत आणि हेड यांच्यात दोनतीन मायक्रॉनची धूळ आली किंवा लेपाचा वरचा थर किंचित झिजला, की ढोलक जागच्या जागी राहतो आणि झांज जाते. म्हणजे गाणं मरतं ते वरून, तार स्वरांकडून.

त्यात आपल्या सवयी. गाणं संपलं की प्लेचं बटण दाबलेलंच ठेवून रिवाइंड दाबायचं, चीं-चीं आवाज ऐकत सुरुवात शोधायची. तेव्हा फीत हेडला टेकलेलीच असते आणि कित्येक पट वेगानं घासली जाते. मग गाण्याच्या आरंभी थांबवायचं, पुन्हा सुरू करायचं, म्हणजे नेमक्या त्याच वीतभर जागेला दर वेळी हिसका. म्हणून हिट गाण्याची पहिली दहा सेकंदं सर्वांत जास्त डगमगतात. बाजूच्या अगदी सुरुवातीला असलेलं गाणं यातून थोडं वाचतं, कारण त्याच्यासाठी फीत टोकापर्यंत गुंडाळली की काम झालं. मधलं गाणं शोधावं लागतं. डेकवरचा तीन आकडी काउंटर त्यासाठीच होता. पण तो वेळ मोजत नाही, बहुतेक डेकमध्ये उजव्या चक्रीचे फेरे मोजतो. चक्री रिकामी असताना भराभर फिरते, भरत आली की सावकाश. त्यामुळे पहिल्या गाण्याला जेवढे आकडे पडतात, त्याच्या जवळजवळ निम्मेच शेवटच्याला. शिवाय एका घरातले आकडे दुसऱ्याच्या टेपवर जुळत नाहीत. कॅसेटच्या कागदावर पेन्सिलीनं '147' असं लिहिलेलं दिसलं, तर ते फक्त त्या घरातल्या त्या टेपच्या भाषेत.

फीत अडकली की सगळे म्हणायचे 'टेपनं कॅसेट खाल्ली'. दोष बहुधा रबरी रोलरचा. त्यावर लेपाची तपकिरी पूड साचली, की फीत रोलरला चिकटून त्याच्याबरोबरच फिरू लागते. किंवा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो, आणि पुढे सरकलेली फीत उजवी चक्री ओढून घेत नाही. अशा वेळी इजेक्ट दाबून कॅसेट ओढणं हा सर्वांत मोठा अपराध. आधी बंद करावं, मग रोलर बोटानं उलटा फिरवत फीत सोडवावी, आणि चक्रीच्या सहा दातांत षट्कोनी पेन्सिल घालून ढिलाई गुंडाळून घ्यावी. गोल पेन उपयोगाचं नाही. हेड आणि रोलरला टेकून फिरणारा धातूचा दांडा कापसाला थोडं स्पिरिट लावून पुसावा; रोलरवर मात्र स्पिरिटचा मारा नको, रबर कडक होतं.

तुटलेली फीत जोडायला घरोघरी साधी चिकटपट्टी वापरली गेली, आणि तिनंच कित्येक कॅसेटी संपवल्या. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो, शेजारच्या वेढ्याला चिकटतो, हेडवर बसतो. जोडाची खास पट्टी घ्यावी, दोन्ही टोकं तिरकी कापून एकमेकांना भिडवावीत आणि पट्टी हेडला न लागणाऱ्या बाजूनं लावावी. चुरगळलेला पाच सेंटीमीटरचा तुकडा काढून टाकावा लागला, तर गाण्यातलं जेमतेम एक सेकंद जातं. ठेका चुकतो खरा, पण ऐकणाऱ्याला पुढे तो चुकलेला ठेकाच बरोबर वाटू लागतो.

सगळंच बसलेलं वाजत असेल, तर मात्र गाण्याला दोष देऊ नये. फितीला मागून हेडवर दाबणारी नमद्याची बारीक उशी पडली असेल, किंवा हेड किंचित तिरपं झालं असेल. हेडशेजारी स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. झांज सर्वांत स्वच्छ ऐकू येईपर्यंत तो अगदी पाव फेऱ्याच्या आतबाहेर फिरवायचा. मुद्रण केलेल्या डेकचं हेडच तिरपं असेल, तर ती कॅसेट त्याच डेकवर छान वाजते, इतरत्र नाही. उशी बदलायची तर डबा उघडावा लागतो. पाच स्क्रू असलेला असेल तर सोपं. चिकटवून बंद केलेला स्वस्त डबा फोडावा लागतो आणि चक्र्या दुसऱ्या डब्यात घालाव्या लागतात.

पडेल गाण्यांचीही यादी सापडते, तीही कॅसेटवरच. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या खिडक्या असतात. त्या उघड्या असल्या की मुद्रणाचं बटण दाबलंच जात नाही, म्हणून कंपनीच्या कॅसेटवर त्या मोकळ्या ठेवलेल्या. त्यांवर कागद किंवा पट्टी चिकटवलेली दिसली, की ओळखावं. कागदावर कुठल्याशा चित्रपटाचं नाव, आत सत्यनारायणाची कथा किंवा नातवाचे बोबडे बोल. 1987 च्या 'गंमत जंमत'मधलं 'अश्विनी ये ना' कुणी असं पुसल्याचं सहसा आढळत नाही. किशोर कुमार यांचं ते मराठी गाणं, आणि त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला ते गेले.

अशी कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायची असेल, तर आधी ती एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. मगच वाजवावी, हेड तिच्यापुरतं जुळवून. दोन गाण्यांमधली शांतता कापू नये. वेढ्यावर वेढा बसून एका वेढ्यातलं चुंबकत्व दुसऱ्यावर थोडंसं उमटलेलं असतं. चक्री किती भरलेली आहे त्यावर एका वेढ्याला दीड ते तीन सेकंद लागतात. आवाज वाढवला, तर गाणं सुरू होण्याआधी तेवढाच वेळ, त्या शांततेत, तेच गाणं फार लांबून सुरू झालेलं ऐकू येतं.