बैल उठत नाही तेव्हा: दयामरणाच्या प्रक्रियेचा माझा अनुभव

"साहेब, बैल उठून नाही राह्यला जी," असा फोन आला की पशुवैद्यक म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधीपासून? "काल सांजपासून" म्हटलं तर आशा असते, "परवापासून" म्हटलं की कमी होते. साडेतीनशे किलोचं जनावर एकाच कुशीवर सहा-आठ तास पडून राहिलं की खालच्या मांडीचे स्नायू त्याच्याच वजनाखाली दबतात, रक्त पोचत नाही, नस निकामी होते. मग मूळ दुखणं बरं झालं तरी पाय साथ देत नाही. लघवी कॉफीसारखी काळपट आली तर स्नायू सडायला लागले आणि आता मूत्रपिंडाची पाळी, एवढं समजावं.

किनाऱ्याला लागलेल्या व्हेलचंही हेच होतं. पाण्यानं तोललेलं धूड वाळूवर आलं की आपल्याच भारानं चिरडतं. वरून चरबीचा जाड थर, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला लागलेलं पिल्लू लोकांनी जीव तोडून समुद्रात परत नेलं, तरी ते वाचलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये टास्मानियात १५७ फॉल्स किलर व्हेल लागले. त्यांना परत पाण्यात घालणं जमेना, तेव्हा जिवंत उरलेल्यांना दयामरण द्यायचं ठरलं. अशा बातमीवर "थोडी वाट पाहायची होती" म्हणणाऱ्यानं चार दिवस पडलेल्या बैलाची खालची बाजू एकदा पाहावी. केस गेलेले, कातडी ओल्या चामड्यासारखी, हाडाच्या उंचवट्यावर जखम आणि तिच्यात अळ्या. वाट पाहणं हाही निर्णयच असतो, फक्त त्यावर कुणाची सही नसते.

पण घाईही नको. नुकती व्यालेली गाय मान कुशीवर टाकून बसली असेल, कान थंड असतील, तर तो बहुधा दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरणं. कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली शिरेतून वीसेक मिनिटं घेऊन हळू सोडली की पुष्कळदा गाय उभी राहते. तीच बाटली भसकन सोडली तर हृदय थांबतं. बैलाच्या बाबतीत गुदद्वारातून हात घालून खुब्याचं हाड चाचपतो आणि दुसऱ्या माणसाला पाय हलवायला सांगतो. करकर लागली तर तुटलेलं आहे. मोठ्या जनावराची मांडी तुटली की गावात ती जुळत नाही, हे मालकाला तिथंच स्पष्ट सांगतो. मोडलेलं नसेल तर गव्हांड्याचा ढोपरभर बिछाना, दर चार तासांनी कूस बदलणं, तोंडाशी पाणी, असे दोन-तीन दिवस देतो. खातंय, पुढच्या पायांवर जोर करतंय, तोवर सुईचं नाव काढत नाही.

कागदाची बाजू. २०१५ पासून गोवंश हत्या बंदी बैलालाही लागू आहे, म्हणून लोक घाबरतात आणि जनावर धुऱ्यावर सोडून देतात. असह्य वेदनेतल्या जनावरासाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम १३ आहे. मालक हजर नसेल किंवा नाही म्हणत असेल, तर शिपायापेक्षा वरच्या हुद्द्याचा पोलीस पशुवैद्यकाला बोलावतो, "जिवंत ठेवणं क्रूरता ठरेल" असा दाखला घेतो आणि दंडाधिकाऱ्याचा आदेश मिळाल्यावरच पुढं जातो. मालक तयार असला तरी मी लेखी संमती, दोन पंच, फोटो आणि तपासणीची नोंद घेतोच. व्हेल वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत येतो. तिथं मुख्य वन्यजीव रक्षकाचा कारणांसह लेखी आदेश लागतो, नरभक्षक ठरलेल्या वाघाला लागतो तसाच.

आता सुई. क्रम चुकला की दयामरणातली दया जाते. आधी झायलाझिन हे गुंगीचं औषध, गाईबैलाला घोड्याच्या साधारण दहावा हिस्सा पुरतो. त्यानं जनावर सुस्तावतं, बेशुद्ध होत नाही. मग मानेच्या शिरेत जाड कॅन्युला (शिरेत राहणारी नळी) बसवून थायोपेंटोन हे बेशुद्धीचं औषध, किलोला दहा मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन ग्रॅम. पाणी कमी झालेल्या जनावराची शीर चपटी असते. औषध बाहेर गेलं तर कातडीखाली आग होते आणि झोपही अर्धवट लागते, म्हणून आधी सलाईन सोडून शीर तपासतो. बुबुळाला बोट लावल्यावर पापणी हलली नाही, तरच हृदय थांबवणारं पोटॅशियम क्लोराइड. शुद्धीत असताना ते दिलं तर हृदय थांबेपर्यंत जनावराला सगळं कळतं. काही जण नुसतं झायलाझिन देऊन थेट पोटॅशियमची बाटली लावतात. ते मला पटत नाही.

नंतर एखादा मोठा श्वास येतो, अंग फडफडतं. हे मालकाला आधीच सांगितलं नाही तर "जिता हाये, साहेब!" म्हणून आकांत होतो. ठोका थांबल्यावरही दहा मिनिटं स्टेथोस्कोप काढत नाही.

मढं उघड्यावर टाकायचं नाही. थायोपेंटोन मांसात राहतं. कुत्री, कोल्हे खाऊन गुंगतात, मरतात. परदेशात व्हेलला बार्बिच्युरेट (थायोपेंटोनच्याच गटातलं औषध) देताना हीच अडचण येते. २०२४ च्या जानेवारीत ताडोबा आणि पेंचमध्ये गिधाडं आणून ठेवली, तीही मढ्यावरच जगणारी. विहीर-नाल्यापासून दूर, पुरुषभर खोल खड्डा आणि चुना. पावसाळ्यात काळ्या मातीत जेसीबी फसतो, म्हणून जागा आधी बघून ठेवावी.

शेवटी कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक पंचनाम्यात लिहून ऑनलाइन नोंदीत जनावर मृत दाखवायचं. हे राहिलं की पुढच्या लसीकरणाच्या यादीत तोच बैल येतो आणि कोठ्यात जाऊन मालकाला पुन्हा विचारावं लागतं.